एक यंत्र, दोन दप्तरे : विंडोजमधील लिनक्स आणि परवानगीच्या अडचणी

जमिनीचा उतारा मागावयास गेलेल्या शेतकऱ्यास प्रथम एकच प्रश्न विचारला जातो : जमीन कोणत्या गावची? गाव कळल्यावाचून दप्तर निघत नाही आणि दप्तर निघाल्यावाचून मालक कोण, कब्जा कोणाचा, वहिवाट कोणाची हे सांगता येत नाही. महाराष्ट्रात त्या उताऱ्यास सातबारा म्हणतात, गोव्यात एक-चौदा म्हणतात, बेळगावकडे पहाणी म्हणतात; पद्धत मात्र सर्वत्र एकच आहे.

संगणकातील प्रत्येक फाइलीचीही अशीच नोंद ठेवलेली असते. फाइल कोणाची, ती कोणी वाचावी आणि कोणी बदलावी, हे त्या नोंदीवरून ठरते. साध्या संगणकात हे दप्तर एकच असते. परंतु विंडोज या कार्यप्रणालीच्या आत लिनक्स ही दुसरी कार्यप्रणाली चालविली की एकाच यंत्रात दोन दप्तरे नांदू लागतात. शाळांतून आणि कार्यालयांतून अशा रीतीने लिनक्स वापरणाऱ्यांस 'परमिशन डिनाइड', म्हणजे 'परवानगी नाही', हा संदेश वारंवार दिसतो, त्याचे मूळ बहुधा येथे असते. हा संदेश म्हणजे यंत्राचा बिघाड नव्हे. कोणत्या तरी दप्तरात संबंधित व्यक्तीच्या नावापुढे हक्काची नोंद नाही, एवढाच त्याचा अर्थ होय. यास्तव कुलूप फोडण्यापूर्वी दप्तर पाहावे, हे या पाठाचे सूत्र आहे.

पुढील विवेचनात आज्ञांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष संगणकावर त्या रोमन लिपीतील लहान अक्षरांत, मधील जोडरेघ वगळून टंकित करावयाच्या असतात. जेथे मोठे अक्षर लागते तेथे तसे सांगितले आहे.

दोन प्रणालींची पूर्वपीठिका

लिनक्सची परंपरा युनिक्स या प्रणालीपासून येते. युनिक्सचा आरंभ १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांच्या कामातून झाला. त्या काळी संगणक महाग असत आणि एकाच यंत्रावर अनेक जण काम करीत. एकाची फाइल दुसऱ्याने बिघडवू नये, ही त्या व्यवस्थेची निकड होती. म्हणून फाइलींचा मालकी हक्क युनिक्सच्या घडणीतच आला. १९९१ साली हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला आणि हक्कांची हीच पद्धत त्यात स्वीकारली गेली.

विंडोजची वाट निराळी आहे. घरगुती वापराच्या जुन्या विंडोजमध्ये फाइलींवर मालकी हक्काची नोंदच नव्हती. १९९३ साली आलेल्या विंडोज एनटी या प्रणालीबरोबर एनटीएफएस ही फाइलरचना आली आणि तीत प्रत्येक फाइलीस हक्कधारकांची एक यादी जोडली गेली. आजच्या विंडोजमध्ये हीच रचना वापरात आहे.

या दोहोंची गाठ २०१६ साली पडली. त्या वर्षी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० मध्ये 'विंडोज सबसिस्टिम फॉर लिनक्स', संक्षेपाने डब्ल्यूएसएल, ही सोय उपलब्ध केली. पहिल्या आवृत्तीत लिनक्सच्या आज्ञावलींच्या मागण्या विंडोजच्या भाषेत उतरवून दिल्या जात. २०१९ साली जाहीर होऊन २०२० साली सर्वांस मिळालेल्या दुसऱ्या आवृत्तीत लिनक्सचा खरा गाभाच एका हलक्या आभासी यंत्रात चालू लागला. लिनक्सच्या सर्व फाइली तेथे एका आभासी तबकडीत राहतात आणि ही तबकडी विंडोजला एकच मोठी फाइल म्हणून दिसते. संगणक पुसून नवी प्रणाली बसविण्याची आवश्यकता न उरल्यामुळे शिक्षक, विद्यार्थी आणि कर्मचारी यांना लिनक्स शिकणे सोपे झाले.

लिनक्सचे दप्तर

लिनक्समध्ये प्रत्येक फाइलीस एक मालक आणि एक गट असतो. हक्कधारकांचे वर्ग तीन मानले आहेत : मालक, गटातील सभासद आणि इतर सर्व. प्रत्येक वर्गास तीन हक्क देता येतात : वाचणे, लिहिणे आणि चालविणे. त्यांसाठी आर, डब्ल्यू आणि एक्स ही अक्षरे योजिली आहेत. तीन वर्ग आणि तीन हक्क मिळून नऊ घरे होतात. हक्क नसेल तेथे वजा चिन्ह असते.

हा उतारा पाहण्यासाठी 'एल-एस' ही आज्ञा, मग मोकळी जागा, मग वजा चिन्ह व त्याला लागून एल हे अक्षर असे टंकित करावे. उत्तरात प्रत्येक फाइलीची एक ओळ येते. ओळीचे पहिले अक्षर प्रकार सांगते. तेथे डी असल्यास तो फोल्डर समजावा. त्यापुढील नऊ अक्षरे म्हणजे वरील नऊ घरे होत. नंतर मालकाचे आणि गटाचे नाव येते.

हे हक्क अंकांनीही सांगतात. वाचण्यास ४, लिहिण्यास २ आणि चालविण्यास १ असे अंक आहेत. त्यांची बेरीज म्हणजे त्या वर्गाचा हक्क. ६४४ याचा अर्थ असा की मालकास वाचता व लिहिता येते, इतरांस केवळ वाचता येते. नव्याने लिहिलेल्या साध्या फाइलीस बहुधा हाच अंक मिळतो. ६०० म्हणजे मालकावाचून कोणासही काही करता येत नाही. ७७७ म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या कोणासही सर्व काही करता येते.

फोल्डरच्या बाबतीत 'चालविणे' याचा अर्थ आत शिरणे असा होतो. घराची खोली आपली असली, तरी अंगणाच्या फाटकातून आत येऊ दिले नाही तर खोलीचा उपयोग नाही. तद्वत फाइल स्वतःची असूनही वाटेतील एखाद्या फोल्डरात शिरण्याचा हक्क नसेल तर 'परमिशन डिनाइड' हेच उत्तर मिळते. वाटेतील प्रत्येक पायरीचे हक्क 'नेम-आय' या आज्ञेला वजा एल आणि फाइलीचा पूर्ण पत्ता जोडून पाहता येतात. तिची रोमन अक्षरे एन, ए, एम, इ, आय अशी आहेत.

या व्यवस्थेत 'रूट' नावाचा एक सर्वाधिकारी असतो. त्याला लिनक्सच्या दप्तरातील बहुतेक कोणतीही मर्यादा लागू होत नाही. सामान्य वापरकर्त्यास क्षणभर त्याचा अधिकार देणारी आज्ञा म्हणजे 'सुडो' होय.

विंडोजचे दप्तर

विंडोजमध्ये तीन वर्ग आणि नऊ घरे अशी ठरीव मांडणी नाही. तेथे फाइलीस जोडलेल्या यादीत कितीही व्यक्तींची वा गटांची नावे असू शकतात आणि प्रत्येकाचे हक्क वेगळे लिहिता येतात. वरच्या फोल्डरचे हक्क आतील फाइलींस वारशाने मिळतात. फाइलीवर उजवी कळ दाबून 'प्रॉपर्टीज' आणि त्यात 'सिक्युरिटी' हे पान उघडल्यास ही यादी दिसते.

एक महत्त्वाची गोष्ट येथेच ध्यानात ठेवावी. लिनक्समधील रूटचा अधिकार लिनक्सच्या हद्दीपुरता आहे. विंडोजच्या तबकडीवरील फाइलींबाबत लिनक्सला तेवढाच अधिकार मिळतो, जेवढा विंडोजमध्ये काम करणाऱ्या त्या व्यक्तीला असतो. म्हणून 'प्रोग्राम फाइल्स'सारख्या संरक्षित फोल्डरात लिनक्समधून लिहू पाहिल्यास सुडो लावूनही नकारच मिळतो. एका गावच्या तलाठ्याचा शिक्का शेजारच्या गावच्या दप्तरात चालत नाही, त्यातलाच हा प्रकार आहे.

बांधावरच्या फाइली

विंडोजची सी ही तबकडी लिनक्समध्ये 'एमएनटी' नावाच्या फोल्डरात सी या नावाने दिसते. तेथील फाइली लिनक्समधून उघडता येतात, परंतु त्यांची खरी नोंद विंडोजच्या दप्तरात असते. लिनक्सला नऊ घरे तर दाखवावीच लागतात. म्हणून मूळ मांडणीत असे केले आहे की विंडोजमधील त्या व्यक्तीचे हक्क पाहावयाचे आणि तेच तिन्ही वर्गांपुढे सारखे मांडावयाचे. स्वतःच्या फाइलींवर बहुधा सर्व हक्क असल्यामुळे तेथील जवळजवळ प्रत्येक फाइलीपुढे ७७७ दिसतो. हा अंक नोंदीतला नसून अनुवादातला आहे.

हक्क बदलण्यासाठी लिनक्समध्ये 'सीएच-मॉड' ही आज्ञा आहे. एमएनटीखालील फाइलींवर ती मूळ मांडणीत जवळजवळ निष्फळ ठरते. कधी आज्ञा निमूटपणे स्वीकारली जाते पण अंक बदलत नाही, तर कधी 'ऑपरेशन नॉट परमिटेड' असे उत्तर येते. एकच परिणाम खरोखर होतो : लिहिण्याचे सर्व हक्क काढून घेतल्यास विंडोजमध्ये त्या फाइलीस 'रीड ओन्ली' ही खूण लागते.

यावर उपाय म्हणून २०१८ पासून 'मेटाडेटा' ही सोय उपलब्ध झाली. ती चालू केल्यास लिनक्सचे मालक, गट आणि हक्क यांची नोंद विंडोजच्या फाइलीसोबत जादा टिपण म्हणून ठेवली जाते. त्यासाठी लिनक्समधील 'इटीसी' या फोल्डरात 'डब्ल्यूएसएल-डॉट-कॉन्फ' ही फाइल सुडोसह उघडावी. तीत चौकटी कंसांत 'ऑटोमाउंट' असा मथळा लिहावा, आणि त्याखालील ओळीत 'ऑप्शन्स' हा शब्द, बरोबरचे चिन्ह व दुहेरी अवतरणात 'मेटाडेटा' हा शब्द लिहावा. नंतर विंडोजच्या बाजूने 'डब्ल्यूएसएल' ही आज्ञा दोन वजा चिन्हे व 'शटडाऊन' हा शब्द जोडून द्यावी आणि लिनक्स पुन्हा सुरू करावे. विंडोजने नाकारलेला हक्क या टिपणामुळे मिळत नाही, हे मात्र विसरू नये.

उलट दिशेनेही बांध ओलांडता येतो. विंडोजच्या फाइल एक्स्प्लोररमधून लिनक्सचे फोल्डर उघडता येतात. त्या वेळी लिनक्स त्या व्यक्तीस आपला नेहमीचा वापरकर्ता समजते, रूट समजत नाही. त्यामुळे रूटच्या मालकीची फाइल तेथून बदलता येत नाही.

एक उदाहरण

अडचण कशी वाढत जाते, हे समजण्यासाठी पुढील उदाहरण उपयोगी पडेल. ते कल्पित आहे. परंतु त्यातील प्रत्येक पायरी प्रत्यक्षात अशीच घडते.

एका माध्यमिक शाळेतील शिक्षक शाळेच्या जुन्या वार्षिकांकांची पाने स्कॅन करतात. चित्रावरून अक्षरे ओळखणारी 'टेसरॅक्ट' ही विनामूल्य आज्ञावली मराठी वाचू शकते, म्हणून ते ती लिनक्समध्ये बसवितात. सर्व पाने एकामागून एक वाचली जावीत यासाठी ते आज्ञांची एक छोटी फाइल लिहितात. ती चालविताच 'परमिशन डिनाइड' असे उत्तर येते. नव्या फाइलीचा अंक ६४४ असतो आणि त्यात चालविण्याचा हक्क मालकासही नसतो, एवढेच कारण. 'सीएच-मॉड' या आज्ञेला अधिक चिन्ह, एक्स आणि फाइलीचे नाव जोडले असते तर काम झाले असते. परंतु कोणी तरी सांगते की सुडो लावा. सुडोच्या आधाराने काम होते आणि सर्वांस हायसे वाटते.

यात एक गोष्ट नजरेआड राहते. सुडोखाली चाललेल्या आज्ञावलीने निर्माण केलेल्या फाइली रूटच्या मालकीच्या होतात. दुसऱ्या दिवशी शिक्षक ओळखलेला मजकूर तपासू लागतात, तेव्हा दुरुस्ती जतन होत नाही. विंडोजमधूनही नकार मिळतो. मग प्रत्येक दुरुस्तीस सुडो लागू लागतो. काही आठवडे असे काम चालते आणि अनेक पानांचे मुद्रितशोधन पुरे होते. अखेर कंटाळून, कोणाच्या सांगण्यावरून, संपूर्ण लिनक्सला मुळापासून ७७७ हा अंक लावला जातो. त्याबरोबर सुडो ही आज्ञाच बंद पडते. कारण सुडोच्या फाइलीवर तिला रूटचा अधिकार देणारी एक विशेष खूण असते आणि या घाऊक बदलात ती पुसली जाते. आता शेवटचा सल्ला मिळतो : लिनक्स काढून टाकून पुन्हा बसवा. त्यासाठी 'अनरजिस्टर' ही आज्ञा दिली जाते आणि लिनक्सची आभासी तबकडी नष्ट होते. तपासलेली सर्व पाने तिच्यातच होती.

एका न दिलेल्या हक्कापासून आरंभ झाला आणि शेवट सर्वस्व गमावण्यात झाला. वस्तुतः प्रत्येक टप्प्यावर परत फिरणे शक्य होते. पहिल्या दिवशी चालविण्याचा हक्क देणे पुरेसे होते. दुसऱ्या दिवशी 'सीएच-ओन' या मालकी बदलणाऱ्या आज्ञेने त्या एका फोल्डरची मालकी शिक्षकांच्या नावे करणे पुरेसे होते. सुडो बंद पडल्यावरही विंडोजच्या बाजूने 'डब्ल्यूएसएल' या आज्ञेस वजा यू आणि 'रूट' हा शब्द जोडला असता तर परवलीच्या शब्दावाचून रूट म्हणून आत जाता आले असते, आणि सर्व पाने विंडोजच्या तबकडीवर उतरवून घेता आली असती.

तपासणीचे चार प्रश्न

नकाराचा संदेश दिसताच पुढील चार प्रश्न याच क्रमाने विचारावेत.

१. फाइल कोणत्या हद्दीत आहे? 'पीडब्ल्यूडी' ही आज्ञा आपण कोठे उभे आहोत ते सांगते. पत्त्याचा आरंभ एमएनटीने होत असेल तर फाइल विंडोजच्या हद्दीत आहे. 'होम' या शब्दाने होत असेल तर ती लिनक्सच्या हद्दीत आहे.

२. काम करणारा कोण आहे? 'हू-ॲम-आय' ही आज्ञा वापरकर्त्याचे नाव सांगते; 'आय-डी' ही आज्ञा त्याचे गटही सांगते.

३. फाइल कोणाची आहे आणि तिच्यावर हक्क कोणते आहेत? 'एल-एस' वजा एल या आज्ञेने उतारा पाहावा. फाइल विंडोजच्या हद्दीत असल्यास सिक्युरिटीचे पान पाहावे.

४. फाइल दुसऱ्या कोणी धरून ठेवली आहे काय? विंडोजमधील एखाद्या आज्ञावलीत फाइल उघडी असेल तर लिनक्सला ती हलविता वा पुसता येत नाही, आणि तेव्हाही संदेश परवानगीचाच येतो. अशा वेळी ती आज्ञावली बंद करणे हाच उपाय.

संदेशाचे शब्दही नीट वाचावेत. 'परमिशन डिनाइड' याचा अर्थ बहुधा असा की हक्कांच्या घरांत आवश्यक अक्षर नाही. 'ऑपरेशन नॉट परमिटेड' याचा अर्थ असा की ती कृती करण्याचा अधिकारच त्या व्यक्तीस नाही, किंवा त्या तबकडीवर ती कृती होऊ शकत नाही. पहिल्यात अक्षर शोधावे, दुसऱ्यात हद्द पाहावी.

नेहमीच्या अडचणी व त्यांचे उपाय

आज्ञांची फाइल चालत नाही : फाइल लिनक्सच्या हद्दीत असल्यास चालविण्याचा हक्क द्यावा. 'बॅड इंटरप्रिटर' असे शब्द असून पुढे 'नो सच फाइल' असे म्हटले असेल तर अडचण परवानगीची नाही. विंडोज आणि लिनक्स ओळीचा शेवट निरनिराळ्या खुणांनी दाखवितात. विंडोजमध्ये लिहिलेल्या फाइलीतील जादा खूण लिनक्सला अडते. 'डॉस-टू-युनिक्स' ही छोटी आज्ञावली ती खूण काढून टाकते. तिच्या रोमन नावात 'टू' हा अंकाने लिहितात.

स्वतःच्या फोल्डरातील फाइल बदलता येत नाही : मालक रूट दिसत असल्यास पूर्वी कधी तरी अनावश्यक सुडो वापरला गेला आहे. 'सुडो', मग 'सीएच-ओन', मग वजा चिन्ह व मोठे आर, मग वापरकर्त्याचे नाव, कोलन, गटाचे नाव आणि शेवटी केवळ त्याच फोल्डरचा पत्ता अशी आज्ञा द्यावी. पत्ता दोनदा वाचल्यावाचून अंतिम कळ दाबू नये.

नवी आज्ञावली बसविता येत नाही : उबंटूमध्ये 'एपीटी' या आज्ञेने आज्ञावली बसविताना कुलूपाची फाइल उघडता येत नाही असा संदेश आल्यास सुडो वापरणेच योग्य होय. सर्व यंत्रासाठी बदल करणे हे रूटचे काम आहे. सुडो वाईट नव्हे. त्याचा अस्थानी वापर वाईट.

खाजगी किल्ली नाकारली जाते : दूरच्या संगणकाशी सुरक्षित संबंध जोडणारी 'एसएसएच' ही आज्ञावली खाजगी किल्लीचे हक्क तपासते. किल्ली विंडोजच्या हद्दीत असल्यास तिच्यापुढे ७७७ दिसतो आणि किल्ली सर्वांस उघडी आहे म्हणून ती वापरण्यास नकार मिळतो. येथे नकार देणारी आज्ञावली वापरकर्त्याच्याच हिताची आहे. किल्ली लिनक्समधील स्वतःच्या 'डॉट-एसएसएच' या फोल्डरात उतरवून घ्यावी, फोल्डरास ७०० आणि किल्लीस ६०० हा अंक लावावा.

'गिट'ने संग्रह उतरवून घेता येत नाही : एमएनटीखालील फोल्डरात हे काम करताना 'ऑपरेशन नॉट परमिटेड' असे उत्तर आल्यास मेटाडेटाची सोय चालू करावी, किंवा त्याहून सोपे म्हणजे संग्रह लिनक्सच्या होम फोल्डरातच उतरवावा. लिनक्सच्या साधनांनी करावयाचे काम लिनक्सच्या हद्दीत ठेवल्यास ते जलदही होते.

दोन घातक उपाय

पहिला घातक उपाय म्हणजे ७७७. तो अडचण दूर करीत नाही, कुंपण दूर करतो. मुळापासून आतपर्यंत लागू होणारी कोणतीही आज्ञा अधिकच धोक्याची; कारण विंडोजच्या तबकड्याही एमएनटीखाली जोडलेल्या असतात आणि अशी आज्ञा तेथपर्यंत पोहोचते. पुसण्याची आज्ञा असेल तर विंडोजमधील फाइलीही जाऊ शकतात.

दुसरा घातक उपाय म्हणजे कारण न शोधता लिनक्स काढून टाकणे. तसे करणे भागच पडले तर आधी 'डब्ल्यूएसएल' या आज्ञेस दोन वजा चिन्हे व 'एक्स्पोर्ट' हा शब्द, मग लिनक्सच्या प्रकाराचे नाव आणि प्रत ठेवावयाच्या फाइलीचा पत्ता जोडून संपूर्ण प्रत काढावी. ती दुसऱ्या तबकडीवर ठेवावी आणि मगच पुढील पाऊल टाकावे.

कार्यालयांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. विंडोजमध्ये प्रवेश असलेली व्यक्ती परवलीच्या शब्दावाचून स्वतःच्या लिनक्समध्ये रूट होऊ शकते, हे वर आलेच आहे. म्हणून लिनक्सचा परवलीचा शब्द हे गोपनीय कागदपत्रांचे संरक्षण समजू नये. एकाच संगणकावर अनेक कर्मचारी काम करीत असतील तर प्रत्येकाचे विंडोज खाते स्वतंत्र असावे. डब्ल्यूएसएलमधील लिनक्सही प्रत्येक खात्यापुरते वेगळे असते.

शिक्षकांसाठी प्रयोग

हा विषय वर्गात अर्ध्या तासात दाखविता येतो. विद्यार्थ्यांनी लिनक्सच्या होम फोल्डरात एक फाइल तयार करावी आणि तिचा उतारा पाहावा. नंतर तिला ४४४ हा अंक लावून तीत लिहिण्याचा प्रयत्न करावा, नकार मिळेल. ६४४ लावून पुन्हा लिहावे, काम होईल. त्यानंतर विंडोजच्या हद्दीतील स्वतःच्या फोल्डरात मूळ मांडणीत तशीच फाइल तयार करून तिला ६०० लावावा. उताऱ्यातील अंक पूर्वीसारखाच राहतो, हे दिसेल. शेवटी तिला ४४४ लावून विंडोजमध्ये तिचे प्रॉपर्टीज पाहावे. 'रीड ओन्ली'ची खूण लागलेली आढळेल. दोन दप्तरे म्हणजे काय, हे या चार कृतींत विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहते.

नकाराचा संदेश वाचून गोंधळून जाण्याचे कारण नाही. यंत्राने दिलेला नकार सहेतुक असतो, आणि तो कोणाच्या तरी फाइलीचे, बहुतेक वेळा वापरकर्त्याच्या स्वतःच्याच फाइलीचे, रक्षण करीत असतो. हद्द कोणती, व्यक्ती कोण, हक्क कोणता आणि फाइल कोणाच्या हाती, हे चार प्रश्न विचारून जो उपाय करतो, त्याला एका फाइलीपुरता, एका हक्कापुरता बदल करून काम भागविता येते. गावच्या दप्तरात एक नोंद चुकली तर ती नोंद दुरुस्त करतात, सबंध दप्तर जाळीत नाहीत.